बेअरिंग बदललं तरी मागचं चाक पुन्हा का हलतं? जुन्या गाडीच्या मागच्या आखाचा खेळ कसा शोधायचा

बेअरिंग नवं, सील नवं, गाडी दोन-तीन महिने गप्प, आणि मग पुन्हा त्याच चाकाकडून घरघर. जुनी बोलेरो, कमांडर जीप, सुमो, ओम्नी, अँबॅसिडर अशा मागच्या चाकांना ओढ असलेल्या, सलग आखाच्या गाड्या बाळगणाऱ्यांना ही तक्रार पाठ असते. जालना असो की लातूर, गॅरेजमध्ये उत्तर एकच मिळतं: "बेअरिंग गेलंय." अनेकदा ते खरंही असतं. पण ते का गेलं, हे कुणी बघत नाही. म्हणून तेच काम वर्षातून दोनदा निघतं.

गडबड 'खेळ' या शब्दापासूनच सुरू होते. चाक आत-बाहेर सरकतं, त्याला खेळ म्हणतात. चाक वर-खाली डुगडुगतं, त्यालाही खेळच. चाक हाताने फिरवताना थोडं रिकामं फिरून 'टक' होतं, तोही खेळ. आणि चाक आखाला घट्ट असूनही अख्खा आख पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) मागे-पुढे सरकतो, तेव्हाही मालक सांगतो की मागून खेळ आहे. या चारही दुखण्यांची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळे. बेअरिंग बदलून यातली फार तर दोन बरी होतात.

(मारुती ८००, अल्टो यांसारख्या पुढच्या ओढीच्या गाड्यांना मागे डिफरन्शियलच, म्हणजे ओढ दोन्ही चाकांत वाटणारी मधली गिअरपेटीच, नसते. तिथे ड्रममधली बेअरिंग आणि मधला नट एवढंच तपासायचं. पुढचं सगळं ओढणाऱ्या आखाबद्दल आहे.)

आधी रचना समजून घ्या, कारण धोका तिथेच आहे

बैलगाडीचं चाक आखावरून निघू नये म्हणून टोकाला खिळा घालतात, त्याला 'कुणी' म्हणतात. या गाड्यांपैकी बऱ्याच जणींत तेच काम एक साधी पोलादी रिंग करते. चाकाचा शाफ्ट बाहेरच्या टोकाला एका बेअरिंगवर आणि आतल्या टोकाला डिफरन्शियलच्या साइड गिअरमध्ये टेकलेला असतो. बेअरिंग शाफ्टवर प्रेसने बसवतात आणि त्याच्या आतल्या अंगाला ही रिंग दाबून बसवतात. बेअरिंगची बाहेरची कडी आखाच्या हाऊसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) एका प्लेटने आणि बहुधा चार बोल्टने धरलेली असते. म्हणजे गाडीचं ओझं शाफ्टवर, आणि शाफ्ट बाहेर न येण्याची सगळी जबाबदारी त्या रिंगवर. रिंग सरकली तर चाक, ड्रम आणि शाफ्ट असं सगळं मिळून बाहेर येतं. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर हे घडलं तर ब्रेकही हाताशी राहत नाही, कारण ड्रमच ब्रेकच्या लायनरवरून निघालेला असतो.

म्हणून आत-बाहेर खेळ हाताला स्पष्ट कळण्याइतका असेल, तर ती गाडी बाजाराच्या दिवशी माणसं भरून नेऊ नका. घरघर चार दिवस सहन करता येते. आत-बाहेरचा खेळ एक दिवससुद्धा नाही.

जुन्या जीपची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या टेपर (टोकाला निमुळत्या) शाफ्टच्या आखात टेपर रोलर बेअरिंग असतात आणि खेळ शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून-काढून ठरवता येतो. त्याचं पुढे बघू.

तपासणी: गाडी उचलायच्या आधी आणि उचलल्यावर

आधी चाकाचे नट आवळून बघा. हसू नका. रिमची भोकं अंडाकृती झाल्यामुळे हलणाऱ्या चाकाला नवं बेअरिंग टाकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

सपाट जागा हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. जॅक आखाच्या नळीखाली लावा आणि तिथेच घोडी द्या, चेसीखाली नको. चेसीवर उचललं तर पाटे लोंबतात, बुश ताणले जातात आणि खेळ नेमका कुठला हे कळत नाही. नुसत्या जॅकवर चाक ओढू नका. काळ्या मातीचं आवार वरून कितीही कडक दिसलं तरी जॅकखाली फळी द्या.

आता चाक वर आणि खाली धरून आलटून-पालटून ढकला-ओढा. मग डावीकडे-उजवीकडे धरून तसंच करा. मागे स्टिअरिंगचे सांधे नसतात, त्यामुळे दोन्हीकडे खेळ जवळपास सारखाच यायला हवा. नंतर दोन्ही हातांनी अख्खं चाक सरळ आत ढकला आणि सरळ बाहेर ओढा. तिन्ही वेळा काय जाणवलं ते वेगवेगळं लिहून ठेवा.

यानंतरची चाचणी फुकट आहे, तरी क्वचितच कुणी करतं. चाक डुगडुगत असताना एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दुखणं बेअरिंग, शाफ्ट किंवा रिंगचं, कारण आता ड्रम लायनरने जखडला गेला. ब्रेक दाबूनही तेवढंच हलत असेल तर बॅकप्लेटचे (ड्रममागच्या स्थिर ताटाचे) बोल्ट ढिले असतील, नाहीतर आखच पाट्यांवर हलतोय. या एका चाचणीने निम्म्या वेळा बेअरिंगचा खर्च वाचतो.

ब्रेक पेडलसुद्धा सांगतं. वळण घेऊन आल्यावर पहिला ब्रेक खोल जातो आणि दुसऱ्या दाबाला बरोबर लागतो, असं होत असेल तर हलणारा ड्रम लायनरना मागे ढकलतोय. मास्टर सिलिंडर बदलायच्या आधी मागचं चाक हलवून बघा.

खेळ मोजा, अंदाज नको

हाताला 'थोडासा' वाटणारा खेळ दर माणसागणिक बदलतो. डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप) असेल तर चाक आणि ड्रम काढा, चुंबकाचा पाय बॅकप्लेटवर लावा आणि सुई शाफ्टच्या फ्लँजवर (चाक बसतं त्या चकतीवर) टेकवा. शाफ्ट आत दाबून शून्य करा, बाहेर ओढून आकडा वाचा.

डायल गेज नसेल तर हॅकसॉचं जुनं पातं बॅकप्लेटच्या बोल्टला घट्ट बांधा, असं की त्याचं टोक फ्लँजच्या आतल्या पाठीसमोर थोडं अंतर राखून राहील. शाफ्ट आत ढकलून फट फीलर गेजने मोजा, मग बाहेर ओढून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे खेळ. पातं हलू द्यायचं नाही, एवढीच अट.

रिंगने दाबलेल्या बॉल बेअरिंगच्या आखात हाताला आत-बाहेर काही जाणवायलाच नको. सुई किंचित हलेल, ती बेअरिंगच्या आतली मोकळीक. डोळ्याला दिसेल असं शाफ्ट सरकत असेल तर कारणं तीन: बेअरिंग झिजलं, रिंग सरकली, किंवा प्लेट बेअरिंगला नीट धरत नाही.

तिसरं कारण आपल्याकडे फार दिसतं आणि ते बहुधा मेकॅनिकच्याच हातून झालेलं असतं. तेल गळतंय म्हणून प्लेटखाली एकाऐवजी दोन पेपर पॅकिंग घातली, वर सीलंटचा थर. आता प्लेट हाऊसिंगला घट्ट बसते, पण बेअरिंगच्या कडीपर्यंत पोचतच नाही. मधे अर्ध्या मिलिमीटरची फट राहते आणि प्रत्येक वळणावर बेअरिंग त्या फटीत मागे-पुढे आपटतं. व्हर्निअरच्या खोली मोजायच्या काडीने हाऊसिंगचा खळगा मोजा, त्यात पॅकिंगची जाडी मिळवा आणि बेअरिंगच्या रुंदीशी ताडून बघा. बेअरिंगची रुंदी कमी भरली तर तेवढी फट आहे. इलाज म्हणजे मूळ जाडीचं एकच पॅकिंग.

जुन्या जीपच्या टेपर शाफ्टच्या आखात मात्र थोडा खेळ लागतोच: ०.०२५ ते ०.१५ मिमी. यापेक्षा कमी ठेवला तर रोलर तापून निळे पडतात. दोन्ही शाफ्टची आतली टोकं मधल्या ठोकळ्याला टेकतात, त्यामुळे एका बाजूला मोजलेला खेळ खरं तर दोन्ही बाजूंचा मिळून असतो. समजा आकडा ०.४० आला, तर ०.३० च्या शिम कमी करायच्या, डावीकडून ०.१५ आणि उजवीकडून ०.१५. सगळ्या एकाच बाजूने काढल्या तर मधला ठोकळा एका अंगाला ढकलला जातो. शिम बदलल्यावर शाफ्टच्या टोकाला लाकडी हातोड्याने ठोका देऊन बेअरिंगची वाटी जागेवर बसवा आणि मगच पुन्हा मोजा. या जीपमध्ये हब टेपरवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसतो. मधला नट ढिला पडला की चावी तुटते आणि चाक हबसकट डुलतं. ते बेअरिंगसारखंच वाटतं, पण असतं नटाचं.

तेच बेअरिंग पुन्हा का जातं

शाफ्ट बाहेर काढला की घाई करून बेअरिंग तोडू नका. आधी रिंग आणि बेअरिंग यांच्यामधे बघा. तिथे गंजासारखी लालसर तपकिरी बारीक भुकटी दिसली तर दोन भाग एकमेकांवर सूक्ष्मपणे घासत होते. रिंगच्या आतल्या अंगाला शाफ्टवर चकचकीत पट्टा दिसला तर रिंग चालली होती. या दोन खुणा दिसल्या की फक्त बेअरिंग बदलून भागणार नाही, हे तिथेच ठरलं.

आता मायक्रोमीटर घ्या. उदाहरणार्थ बेअरिंगचं भोक ३५ मिमीचं असेल, तर शाफ्टची जागा ३५ पेक्षा साधारण ०.०१ ते ०.०२ मिमी जास्त भरायला हवी, म्हणजेच बेअरिंग प्रेसनेच बसायला हवं. ३५ पेक्षा कमी भरली, किंवा बेअरिंग हाताने सरकत गेलं, तर शाफ्ट झिजलाय. यावर आपल्याकडचे इलाज ठरलेले: पंचाने शाफ्टवर टिपके मारायचे, पत्र्याची पट्टी घालायची, नाहीतर वेल्डिंग भरून लेथवर उतरवायचं. टिपक्यांची उंच टोकं थोड्याच दिवसांत चेपतात. पत्र्याची पट्टी बेअरिंगला तिरकं बसवते. आणि वेल्डिंग सगळ्यात वाईट. शाफ्ट कडक केलेल्या पोलादाचा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच पट्ट्यात तो ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. रिंग शाफ्टला वेल्ड करून "आता हलणार नाही" म्हणणारा माणूस दिसला तर शाफ्ट घेऊन निघा. रिंग खरंच हलणार नाही, शाफ्टच तिथून तुटेल. झिजलेल्या शाफ्टला शाफ्ट बदलणं हाच इलाज. भंगारातून घेतला तरी चालेल, पण मायक्रोमीटर सोबत न्या. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं आणि अँबॅसिडरचं २०१४ मध्ये, त्यामुळे या गाड्यांना भंगारबाजार हाच आधार होत चाललाय.

शाफ्ट ठीक आहे आणि तरीही बेअरिंग जातं? मग बेअरिंग कसं बसवलं ते बघा. बाहेरच्या कडीवर दाब देऊन, म्हणजे गोळ्यांमधून जोर नेऊन बसवलं असेल, किंवा घणाने ठोकलं असेल, तर कडीच्या आत बारीक खळगे पडतात. गाडी पहिल्या दिवसापासून हलकंसं गुणगुणते आणि मालक समजतो नवं आहे, बसेल. दाब नेहमी आतल्या कडीवर द्यायचा, नळीचा तुकडा घेऊन. जुनी रिंग काढताना ग्राइंडरने पातळ करून छन्नीचा एक ठोका द्यायचा, पण शाफ्टला ग्राइंडर लागू द्यायचा नाही. काढलेली रिंग पुन्हा वापरायची नाही, ती एकदाच बसण्यासाठी असते. नवी रिंग पूर्ण बसल्यावर रिंग आणि बेअरिंगमधे ०.०५ ची फीलर पात शिरता कामा नये. गॅस कटरने बेअरिंग लाल करून बसवणं म्हणजे नवं बेअरिंग भंगारात टाकणं. बेअरिंग १२० अंशांच्या पुढे तापवू नये.

सगळं नीट करूनही दर वेळी एकाच बाजूचं जात असेल तर हाऊसिंगचा संशय घ्या. ठरलेल्यापेक्षा दुप्पट माणसं, टपावर पोती आणि खड्डा, एवढ्यात आखाची नळी वाकते. टायरची एक कड जास्त खाल्ली जाते, पण मागच्या टायरकडे कोण बघतो. तपासायला खडू आणि टेप पुरतात. दोन्ही मागच्या टायरवर पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. मग गाडी चाक अर्धं फिरेल एवढीच पुढे ढकला. त्याच खुणा आता मागच्या बाजूला हबच्या उंचीवर आल्या. पुन्हा मोजा. खूण तीच असल्यामुळे रिमचा वाकडेपणा हिशोबात येत नाही. दोन आकड्यांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर नळी वाकलीय. शाफ्टचा वाकडेपणाही रिमसारखाच या मापात येत नाही, तो ड्रम काढून फ्लँजवर डायल गेज लावून शाफ्ट फिरवला की कळतो. सुई फिरण्याबरोबर हेलकावली तर शाफ्ट वाकडा, सुई स्थिर राहिली तर शाफ्ट सरळ.

रुंद रिम किंवा स्पेसर लावले असतील तर तेही कारण धरा. चाक बाहेर गेलं की ओझं बेअरिंगपासून लांब जातं आणि तरफेसारखा भार वाढतो. गाडी दिसायला भारी होते आणि बेअरिंग लवकर जातं.

आणि पाणी. पावसाळ्यात नळकांडी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी काढली जाते. लांबून आलेला आख गरम असतो, थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (आखातल्या हवेच्या ये-जा करायच्या तोंडातून) पाणी आत ओढलं जातं. नंतर तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. दुसरीकडे ब्रीदरच्या टोकावर काळी माती वाळून दगड झाली की आख तापल्यावर दाब बाहेर पडायला जागा राहत नाही आणि तेल सील ढकलून ड्रममधे येतं. मग सील बदललं, पुन्हा गळलं, पुन्हा बदललं. ब्रीदर काढून डिझेलमधे धुवा आणि तोंडाने फुंकून बघा. दर पावसाळ्यानंतर हे करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. सीलचं ओठ जिथे घासतं तिथे शाफ्टवर नखाला अडकेल असा खाचा पडला असेल, तर नवं सीलही तिथून गळणार.

फिरवताना होणारी 'टक'

इथे बेअरिंगचा संबंध नाही. दोन्ही मागची चाकं जमिनीवर ठेवा, ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा आणि गाडीखाली जाऊन प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या आखाकडे येणारा) हाताने फिरवा. हा शाफ्ट हलतो पण तो जिथे जोडलाय तो पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या लहान गिअरचा) फ्लँज नाही, तर त्यांच्यामधला क्रॉस (फुलीसारखा सांधा) गेलाय. क्रॉसच्या टोप्यांपाशी गंजाची भुकटी बहुधा दिसतेच. क्रॉस ठीक असेल तर पिनियनचा फ्लँज वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. पिनियनची बेअरिंग आधीच दाबाखाली बसवलेली असतात, तिथे खेळ शून्य हवा. हललं तर गाडी चालवू नका, नट ढिला पडलेला असू शकतो आणि क्राउनचे (पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात जातील. नट नुसता आवळूनही हे मिटत नाही, आतला दाब पुन्हा ठरवावा लागतो.

क्राउन-पिनियनचा आपसातला खेळ बहुतेक गाड्यांत ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास धरतात. एक चाक जमिनीवर आणि एक वर असताना, पिनियनचा फ्लँज धरून वरचं चाक हलवलं तर हा खेळ डिफरन्शियलमुळे दुप्पट दिसतो. तरी सुमारे ३५० मिमी त्रिज्येच्या टायरच्या घेरावर तो दीड मिलिमीटरच्या आसपासच भरतो. टायरच्या घेरावर पंचवीस मिलिमीटर रिकामं फिरत असेल, म्हणजे जवळपास चार अंश, तर क्राउन-पिनियनला दोष देऊ नका. झिजलेत ते आतले लहान गिअर, त्यांच्या मागचे वॉशर, मधली पिन किंवा शाफ्टच्या आतल्या टोकाचे स्प्लाइन (उभे दाते). वॉशर स्वस्त आहेत, क्राउन-पिनियनचा जोड महाग. कुठला सुटा भाग आधी मागवायचा ते यावरून ठरवा.

आवाजावरूनही वेगळं करता येतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर सूर बदलतो तो क्राउन-पिनियनचा. सूर बदलत नाही पण गाडी डावी-उजवीकडे झुकवली की वाढतो-कमी होतो, तो चाकाच्या बेअरिंगचा. क्लच सोडताना एकच 'टक' तो क्रॉसचा, नाहीतर पाटे आखाला बांधणाऱ्या ढिल्या यू-बोल्टचा.

तेल काढताना प्लगच्या चुंबकावरचा लेप बोटावर घासून बघा. करड्या मलमासारखा असेल तर चालतं. बोटाला टोचणारे कण किंवा खपल्या निघाल्या तर आख उघडा.

अख्खा आख हलतो तेव्हा

यू-बोल्ट ढिले झाले की पाटे आखावर घासतात आणि तिथला गंज जाऊन चकचकीत धातू दिसतो. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला की आख एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी धावते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं. पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल वळशाच्या) बोल्टपासून आखाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा, ते सारखं हवं. पहार पाटा आणि शॅकलमधे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीमधे) घालून उचकटा. बुशचं रबर फाटलेलं असेल तर डोळाच हलताना दिसेल.

नवे यू-बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळा. जॅकवर असताना नको. ५०० किलोमीटरवर पुन्हा एकदा आवळा. नवे पाटे आणि पॅड बसताना सैल पडतातच. त्याच वेळी ड्रम काढून खेळाचा आकडा परत घ्या आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर मार्करने तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलात तरी खेळ वाढलाय की पहिल्यापासून तेवढाच आहे, हे त्या आकड्यावरून सांगता येईल.